ढिगारा उचलला, धूळ छातीत राहिली

11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन्ही मनोरे कोसळले. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या ढिगाऱ्याचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. आम्हा डॉक्टरांसाठी मात्र खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

ढिगारा होता सुमारे 18 लाख टनांचा. तो मोठ्या प्रमाणावर स्टेटन आयलंडवरच्या फ्रेश किल्स या कचराडेपोत नेला गेला. 1948 पासून शहराचा कचरा पोटात घेणारा हा डेपो त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झाला होता, तो पुन्हा उघडावा लागला. तिथे 2002 च्या जुलैपर्यंत माणसांनी हा मलबा अक्षरशः चाळला. मृतांचे अवशेष, दागिने, ओळखपत्रं, जे सापडेल ते वेगळं काढलं. पोलाद भंगारात विकलं गेलं. त्यातलं काही जहाजाने भारतातही आलं.

आता धुळीबद्दल. काँक्रीट, जिप्समचे तक्ते, काचेचे तंतू आणि काही प्रमाणात ॲस्बेस्टॉस, या सगळ्याचं ते पीठ होतं. सिमेंटमुळे ते अल्कधर्मी. ओल्या सिमेंटने गवंड्याच्या हातांची कातडी कशी सोलवटते, ते आपण पाहतो. तोच प्रकार श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावर झाला. खरं तर यातले बहुतेक कण मोठे होते. असे कण एरवी नाकातच अडकतात. पण धापा टाकत काम करणारा माणूस तोंडाने श्वास घेतो, मग नाकाची गाळणी काय कामाची? शिवाय खालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती.

18 सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टी व्हिटमन यांनी हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. असं सरसकट विधान करण्याइतकी माहिती तेव्हा हाताशी नव्हती, असा ठपका त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी 2003 मध्ये ठेवला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत महागडी चूक. कारण 'हवा चांगली आहे' म्हटल्यावर घुसमटवणारा मास्क दिवसभर कोण लावून ठेवील?

वर्षभरातच 'वर्ल्ड ट्रेड सेंटर खोकला' हे नाव वैद्यकीय नियतकालिकात आलं. किमान चार आठवडे रजा घ्यावी लागेल इतका खोकला असलेले 332 अग्निशामक त्या अभ्यासात होते. त्यांपैकी 87 टक्क्यांना जठरातलं आम्ल वर येण्याचाही त्रास होता. त्यामुळे नुसतं खोकल्याचं औषध देऊन भागत नव्हतं. नाक, छाती आणि जठर, तिन्हींवर एकदम उपचार करावे लागले.

एका सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा वयानुसार दरवर्षी साधारण 30 मिलिलिटरने कमी होते. या अग्निशामकांमध्ये पहिल्याच वर्षी ती सरासरी 439 मिलिलिटरने घटली. पुढच्या सहा वर्षांत ती फारशी भरूनही आली नाही, आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढली नव्हती त्यांचीही हीच गत झाली.

या रुग्णांच्या तपासणी-उपचारांसाठी कायदा व्हायला 2011 उजाडलं. 2012 मध्ये त्यात अनेक कर्करोगांचा समावेश झाला. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 जण गेले होते. नंतरच्या आजारांनी गेलेल्या दलातल्या लोकांची संख्या सप्टेंबर 2023 मध्ये तितकीच झाली, आणि ती त्यापुढेही वाढत आहे.