नुव्होलारीची लाल गाडी

मोटारीच्या इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही एका मोटारशर्यतीची गोष्ट मी गेली कित्येक वर्षं जमेल त्याला सांगत आलो आहे. पूर्वी ती फार सोपी होती. एक बुटका इटालियन, त्याची जुनी गाडी, आणि हिटलरच्या जर्मनीचं तिच्याच अंगणात कापलेलं नाक. ऐकणारा खूश, सांगणारा त्याहून खूश. पुढे एकेक तपशील कळत गेला आणि गोष्ट अवघड होत गेली.

तारीख २८ जुलै १९३५. जर्मनीच्या पश्चिमेला आइफेलच्या डोंगरात न्युरबर्गरिंग नावाचा शर्यतीचा रस्ता आहे. तो १९२७ साली सुरू झाला. त्या काळी एक फेरी जवळपास २३ किलोमीटरची होती. सगळी झाडी, चढ-उतार आणि दीडशेहून जास्त वळणं. जर्मन ग्रां प्रीसाठी अशा २२ फेऱ्या मारायच्या होत्या, म्हणजे ५०० किलोमीटर. पाऊस पडून गेला होता, रस्ता ओला होता. प्रेक्षकांचा आकडा तीन लाखांच्या घरात सांगतात.

ही गर्दी एक ठरलेला निकाल पाहायला आली होती. १९३३मध्ये सत्तेवर येताच हिटलरने मोटारशर्यती हा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा विषय केला. मर्सिडीझ आणि ऑटो युनियन या दोन कंपन्यांना सरकारी पैसा मिळू लागला. १९३४पासून नियम आला की गाडीचं वजन साडेसातशे किलोपेक्षा जास्त नको. वेग आटोक्यात राहावा हा नियम करणाऱ्यांचा हेतू. जर्मन इंजिनियरांनी हलके धातू वापरून गाडीचं वजन वाचवलं आणि वाचलेल्या वजनात आणखी मोठं इंजिन बसवलं! नियम करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं, याची मला अजून गंमत वाटते. त्या दिवशी अशा नऊ चंदेरी गाड्या रांगेत उभ्या होत्या.

समोर होती लाल अल्फा रोमिओ. तिचा आराखडा १९३२चा. इंजिन वाढवून सव्वातीन लिटरच्या आसपास नेलं, तरी जर्मन गाड्यांची ताकद तिच्याहून सुमारे शंभर हॉर्सपॉवरने जास्त. ही गाडी उतरवली होती एन्झो फेरारीच्या संघाने. स्वतःच्या नावाची गाडी त्याने तेव्हा बनवलेली नव्हती.

आणि चालक, तात्सियो नुव्होलारी. उत्तर इटलीतल्या मांतुआजवळचा, वय ४२. अंगात पिवळा सदरा, गळ्यापाशी सोन्याचं कासव. हे कासव त्याला दानुन्झिओ या कवीने १९३२ साली दिलं होतं. सगळ्यात वेगवान माणसाला सगळ्यात संथ प्राणी, अशी त्यामागची कल्पना. (कवी लोकांना असली भेट सुचते आणि परवडतेही, हे इटलीतलं विशेष.) १९३४मध्ये या गृहस्थाचा पाय मोडला, तेव्हा काही आठवड्यांतच प्लास्टरमधल्या पायानिशी तो बर्लिनच्या शर्यतीत उतरला. पेडल डाव्या पायाने दाबता येतील अशी गाडीत सोय करून घेतली होती.

शर्यत सुरू झाली. पहिल्या काही फेऱ्यांत नुव्होलारी मागे पडला. अल्फाच्या बाकी दोन गाड्या लवकरच बाद झाल्या. मग तो एकेक गाडी गाठत आला. सरळ रस्त्यावर जर्मन गाड्या पळून जात, वळणावर तो त्यांना पकडे. दहाव्या फेरीला तो पहिला होता.

मग इंधन भरायला गाड्या थांबल्या. मर्सिडीझच्या मॅनफ्रेड फॉन ब्राउखिचचं काम ४७ सेकंदांत उरकलं. अल्फाच्या इंधनाचा पंप नेमका तेव्हाच बिघडला. माणसं कॅन उचलून हातांनी इंधन ओतू लागली. सव्वादोन मिनिटं गेली, आणि नुव्होलारी सहावा होऊन बाहेर पडला.

इथे खरं तर शर्यत संपायला हवी होती. पण पुढच्याच काही किलोमीटरांत त्याने चौघांना मागे टाकलं. आता पुढे फक्त ब्राउखिच. तो पुढे निसटू पाहत होता, पण त्या निसटण्याची किंमत त्याचे टायर मोजत होते. जेवढी ताकद जास्त तेवढं रबर लवकर झिजणार. टायर बदलायला थांबावं तर आघाडी जाणार. तो थांबला नाही. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा अंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं, आणि त्याच फेरीत टायर फाटला. मंचासमोर आधी लाल गाडी आली. ब्राउखिच फाटक्या टायरवर रखडत पाचवा. बाकी पहिल्या नवांतल्या आठही गाड्या जर्मन.

मंचावर सन्नाटा पसरला. जर्मन विजयाचं भाषण लिहून तयार होतं, आणि इटलीच्या राष्ट्रगीताची तबकडी आयोजकांकडे नव्हतीच, नुव्होलारीने स्वतःजवळची काढून दिली, असं सांगतात.

माझी गोष्ट पूर्वी इथे संपायची. पण ते राष्ट्रगीत मुसोलिनीच्या इटलीचं होतं. त्या इटलीने ३ ऑक्टोबर १९३५ला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांनी, अबिसिनियावर चाल केली. हुकूमशाहीचं नाक कापलं म्हणून टाळी वाजवावी, तर कापणाऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्या हुकूमशहाचा झेंडा. दुसरी गोष्ट मला अधिक जड गेली. त्याच हंगामाआधी नुव्होलारीने ऑटो युनियनकडे जागा मागितली होती. ती मिळाली नाही, म्हणून तो लाल गाडीत होता. त्याला हवी होती सगळ्यात वेगवान गाडी, मग तिचा रंग कुठलाही असो. म्हातारी लाल गाडी आणि चंदेरी राक्षस हा सामना आपण रंगवला.

जानेवारी १९३८मध्ये ऑटो युनियनचा तरुण चालक बर्न्ड रोझमायर विक्रमाच्या प्रयत्नात फ्रँकफुर्टजवळच्या महामार्गावर मेला. एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या पो इथे सरावातच नुव्होलारीच्या अल्फाने पेट घेतला आणि त्याने ती कंपनी सोडली. त्याच वर्षी तो चंदेरी गाडीत बसला आणि इटलीची ग्रां प्री इटालियन माणसाने जर्मन गाडीतून जिंकली.

३ सप्टेंबर १९३९. बेलग्रेडच्या जुन्या किल्ल्याभोवतीच्या रस्त्यावर शर्यत ठरली होती. त्याच दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. तरी शर्यत झाली. सुरुवातीला पाचच गाड्या होत्या. ऑटो युनियनमधून नुव्होलारी पहिला आला. त्याच्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर, मर्सिडीझमध्ये होता मॅनफ्रेड फॉन ब्राउखिच.