जीन आर्मर: कापलेली नावं आणि पदरात घेतलेली लेक



स्कॉटलंड हा ब्रिटनच्या उत्तरेकडचा डोंगराळ, पावसाळी मुलूख. तिथल्या जुन्या काळावरच्या प्रेमकथा इंग्रजीत ढिगानं छापल्या जातात. त्यांचा साचा ठरलेला असतो. ध्यानीमनी नसताना लग्न होतं, नवऱ्याची आधीची मुलं नव्या आईकडे पाठ फिरवतात, आणि शेवटच्या पानावर सगळं गोड होतं. आज मी तुम्हाला तिथलीच एक खरी गोष्ट सांगणार आहे. तिच्यात अवचित झालेलं लग्न आहे, नवऱ्याला दुसऱ्या बाईपासून झालेलं मूलही आहे. शेवट मात्र तितका सोपा नाही.

ही गोष्ट जीन आर्मरची. तिचा जन्म १७६५ सालचा, मॉखलिन नावाच्या गावात. वडील दगडकाम करणारे गवंडी, घरात पोराबाळांचा गोतावळा. गावाजवळच्या मॉसगील नावाच्या शेतावर रॉबर्ट बर्न्स हा तरुण भावाबरोबर खंडानं शेती करायचा आणि कविता लिहायचा. पुढे हाच रॉबर्ट स्कॉटलंडचा सर्वांत लाडका कवी झाला. आजही २५ जानेवारीला, त्याच्या वाढदिवशी, तिथले लोक त्याच्या नावानं जेवणावळी घालतात. पण १७८६ साली तो कर्जानं गांजलेला कूळ होता, आणि एलिझाबेथ पेटन या बाईपासून त्याला एक मुलगीही झालेली होती. ती त्याच्या आईजवळ वाढत होती.

त्याच वर्षी जीनला दिवस गेले.

आता तिथला लग्नाचा कायदा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शेजारच्या इंग्लंडात १७५३ साली कायदा झाला आणि चर्चमधल्या विधीशिवाय लग्न ग्राह्य धरेनात. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे ‘आम्ही नवराबायको आहोत’ असं दोघांनी एकमेकांना मनापासून सांगितलं, की लग्न झालं. पाद्री नको, आईबापांची परवानगी नको. म्हणून तर इंग्लंडमधली प्रेमी जोडपी पळून सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावात लग्नं लावायला येत. चर्चला अशी लग्नं आवडत नसत. तिथले पंच जोडप्याला बोलावून खडसावत, दंड घेत. पण लग्न मोडत नसे. ही पद्धत १९४० सालापर्यंत चालली.

यात बाईची सोय होती आणि धोकाही होता. सोय अशी, की पोटुशी राहिलेल्या मुलीला दिलेला शब्द कायद्यानं धरला जाई. धोका असा, की तो शब्द दिला होता हे शाबीत कसं करायचं? पुरुषानं नाकारलं तर?

रॉबर्टनं नाकारलं नाही. जीन आपली बायको आहे, असं त्यानं कागदावर लिहून दिलं. पण जीनच्या वडिलांना हा जावई नको होता. ते तो कागद घेऊन वकिलाकडे गेले आणि वकिलानं कागदावरची दोघांची नावं कापून काढली. जीनला पेझली गावी नातेवाइकांकडे धाडून दिलं. खरं तर शब्द दिला-घेतला गेला होता, नावं कापली म्हणून तो पुसला जात नव्हता. पण पोरीला विचारतो कोण?

रॉबर्ट चिडला. जीननं आपल्याला सोडलं असं त्यानं धरलं. चर्चमध्ये सगळ्या गावासमोर तीन रविवार बोलणी खाऊन त्यानं आपण अविवाहित असल्याचा दाखला मिळवला. जमैका बेटावर मळ्यात नोकरीला जायची तयारीही केली. तिथले मळे गुलामांच्या कष्टावर चालत, हेही लक्षात ठेवू. जायच्या आधी त्यानं आपला शेतीतला वाटा आणि पुस्तकाचं उत्पन्न भावाच्या नावे करून दिलं, पहिल्या मुलीच्या पालनपोषणासाठी. जीनच्या पोटातल्या बाळासाठी त्यात काही नव्हतं. जीनच्या वडिलांनी त्याच्यावर वॉरंट काढलं.

जुलैच्या शेवटी त्याचं पुस्तक निघालं आणि बघता बघता खपलं. ३ सप्टेंबरला जीनला जुळं झालं, एक मुलगा आणि एक मुलगी. रॉबर्टचं जहाज राहिलं, तो राजधानी एडिंबराला गेला आणि नावाजला गेला. आता आर्मर मंडळींचा सूर बदलला. जीनला पुन्हा दिवस गेले. लग्नाचं मात्र कोणी काढलं नाही, आणि पोट दिसू लागल्यावर घरच्यांनी तिला बाहेर काढलं. एका ओळखीच्या गिरणीवाल्याच्या घरी तिला आसरा मिळाला. पहिल्या जुळ्यातली मुलगी तोवर वारली होती. मार्च १७८८ मध्ये दुसरं जुळं झालं, तेही महिन्याभरात गेलं.

त्यानंतर काही आठवड्यांतच रॉबर्टनं जीनला बायको म्हणून जाहीर मान्य केलं. ऑगस्टमध्ये दोघं मॉखलिनच्या चर्चच्या पंचांपुढे उभी राहिली. पंचांनी खडसावलं, लग्न मान्य केलं, आणि रॉबर्टनं गोरगरिबांसाठी एक गिनी दिली. दोन वर्षं जी ‘कोणाचीच नाही’ होती, ती एका दिवसात नोंदीनं बायको झाली.

संसार डम्फ्रीजजवळ एलिसलंड नावाच्या शेतावर मांडला. १७९१ साली मार्चच्या ३१ तारखेला डम्फ्रीजच्या एका खानावळीत काम करणाऱ्या ॲन पार्क या बाईला रॉबर्टपासून मुलगी झाली. नऊ दिवसांनी, ९ एप्रिलला, जीनला मुलगा झाला. ॲनच्या मुलीचं नाव एलिझाबेथ, लाडाचं नाव बेटी.

ही बेटी जीननं आपल्या घरी वाढवली. दोन्ही बाळांना तिनं अंगावर पाजलं, असं तिकडे सांगतात.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू. लग्नाआधी झालेल्या मुलांना आईबापांनी नंतर लग्न केलं की स्कॉटलंडच्या कायद्यात औरस मानत. जीनच्या थोरल्या मुलाला तो आधार मिळाला. बेटीला मिळणार नव्हता, कारण तिचा बाप दुसरीचा नवरा होता. वारसाहक्क नाही, नाव सांगायला घर नाही. तिला जे घर मिळालं ते जीनमुळे.

पुष्कळ पुस्तकांत जीनच्या या मोठ्या मनाचं कौतुक वाचायला मिळतं. कौतुक करावंच, पण त्याआड रॉबर्टची चूक लपू नये. अपराध त्याचा, आणि निस्तरलं दोन बायकांनी. एकीचं मूल दुसऱ्या घरी गेलं, दुसरीनं ते पदरात घेतलं. जीननं हे का केलं, ते तिनं लिहून ठेवलेलं नाही. पण नाव कापलं गेलं की काय होतं, ते तिनं भोगलं होतं. त्यामुळे त्या पोरीचं पुढे काय होईल, हे तिला वेगळं सांगावं लागलं नसेल.

२१ जुलै १७९६ ला रॉबर्ट गेला, वय अवघं ३७. २५ तारखेला त्याची अंत्ययात्रा निघाली आणि त्याच दिवशी जीन बाळंत झाली. नऊ मुलं तिनं जन्माला घातली, त्यातली तीनच मोठी होऊन नांदली. लोकांनी वर्गणी काढून या घराला आधार दिला. पुढे दोन मुलगे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत, म्हणजे आपल्या हिंदुस्थानात, नोकरीला आले. जीननं दुसरं लग्न केलं नाही. ३८ वर्षं ती डम्फ्रीजच्या त्याच घरात राहिली आणि १८३४ साली वारली. बेटी लग्न होऊन ग्लासगोजवळ पोलॉकशॉज इथे नांदली.

या गोष्टीतून मला दोन गोष्टी वेगवेगळ्या करून ठेवाव्याशा वाटतात. एक म्हणजे बायकोचा हक्क. तो कोणाच्या मर्जीवर किंवा दुसऱ्याच्या हातातल्या कागदावर सोडू नये. आपल्याकडे लग्नाची नोंदणी होते. दाखला काढून घ्या आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. दुसरी म्हणजे आईपण. त्याला दाखला मिळत नाही. ते रोज भरवून, न्हाऊ घालून, आजारपणात उशाशी बसून होतं.

आपल्या गावातही अशी एखादी बाई असेल, जिनं सवतीचं, जावेचं किंवा नवऱ्याच्या आधीच्या बायकोचं मूल वाढवलं. तिला कोणी विचारलंय का, तिला तेव्हा काय वाटलं होतं? पुढच्या बैठकीत तिला बोलतं करा. आणि ती बोलायला लागली की मध्ये कोणी बोलू नका.