पूर्वानुमानाची खूण : पी-५३ची परीक्षा

१८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने फ्युक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याचे जाहीर केले. हा रोग कशाने होतो, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. शंभर वर्षांनी संशोधकांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला : रोग झालेल्या माणसाचे पुढे काय होणार?

मूत्राशय काढून टाकल्यावरही काही रुग्णांत कर्करोग परततो, काहींत परतत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या गाठी सारख्या दिसू शकतात. मग त्रासदायक औषधे कोणाला द्यायची आणि कोणाला त्यांतून वाचवायचे?

याचे उत्तर जनुकांच्या कामात शोधायचे ठरले. १९७९ साली सापडलेले पी-५३ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीचे विभाजन रोखते. निरोगी पेशीत ते लवकर नष्ट होते. त्याच्या जनुकात उत्परिवर्तन झाले की निकामी प्रथिन बहुधा नष्ट न होता केंद्रकात साचते आणि विशिष्ट रंग दिल्यास दिसते. १९९४ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांच्या गाठी अशा तपासल्या. ज्यांच्यात पी-५३ साचले होते, त्यांच्यात रोग अधिक प्रमाणात परतला होता.

खूण सापडली असे वाटले. पण हे रुग्ण आधीच उपचार झालेले होते. नव्या रुग्णांत ती खूण खरी ठरते का, हे पाहणे आवश्यक होते. त्यासाठीच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ४९९ रुग्णांच्या गाठी तपासल्या, त्यांपैकी २७२ जणांत पी-५३ साचलेले होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून एका गटाला औषधे व दुसऱ्यावर केवळ देखरेख, अशी योजना होती. प्रत्यक्षात ११४ जणच त्यात आले. औषधांचा फायदा दिसला नाही. पण एवढ्या कमी संख्येवरून औषधे निरुपयोगी असेही म्हणता येत नाही. खुणेविषयीचा निष्कर्ष मात्र बोलका होता : पी-५३ साचलेल्या व न साचलेल्या रुग्णांत रोग परतण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

दरम्यान एकाच वेळी हजारो जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणते जनुक किती कामाला लागले आहे, हे मोजता येऊ लागले. २०२० साली अनेक देशांच्या संशोधकांनी १,७५० गाठींच्या अशा नोंदींवरून स्नायूत शिरलेल्या मूत्राशय-कर्करोगाचे सहा वर्ग ठरवले. या वर्गांतील रुग्णांचे सरासरी आयुर्मान वेगवेगळे आहे. तरीही वर्गाची सरासरी म्हणजे एखाद्या रुग्णाचे भविष्य नव्हे.

संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. निकाल लागल्यावर उत्तीर्ण विद्यार्थ्यांत एखादे समान लक्षण शोधणे सोपे असते. तेच लक्षण पाहून पुढच्या वर्षीचा निकाल आधी कागदावर लिहून ठेवायला मुलांना सांगावे आणि मग दोन्ही ताडून पाहावे.