पावसाळी सात्या: निवडायच्या कशा, शिजवायच्या कशा?

पावसाळ्यात नागपूरच्या बाजारात सात्या दिसू लागतात. विदर्भात कुठे यांना टेकोडे म्हणतात, कोकणात अळंबी. वारुळावर उगवणारी ही रानभाजी. वारुळात वाळवीच या बुरशीला पोसते, त्यामुळे शिटाके किंवा धिंगरीसारखी हिची शेती होत नाही. भाव चढा असतो, तो म्हणूनच.

घेताना घट्ट, कोरड्या, टोपी पूर्ण न उघडलेल्या बघा. चिकट, आंबूस वासाच्या नकोत. देठाची माती सुरीनं खरवडून, पटकन धुऊन त्याच दिवशी शिजवा. कांदा-लसणावर परतताना पाणी घालू नका, त्यांचंच सुटतं. सावजी मसाला चालतो, पण बेताने. नाहीतर सात्यांची चवच हरवते.

रानातून स्वतः तोडून आणायचा मोह मात्र टाळा. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडला तरच विषारी, ही समजूत साफ चुकीची आहे. काही छत्र्यांचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी जास्तही लागतात. मग थोडं बरं वाटतं, पण आत यकृत निकामी होत असतं. शंका आली तर उरलेली भाजी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.