स्टेपनीच्या गल्लीतील क्लब

हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा १९४७ साली ज्यांच्या कारकीर्दीत ब्रिटिश पार्लमेंटाने मंजूर केला, ते क्लेमंट ॲटली आपणांस पंतप्रधान म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्यातील अगदी निराळे असे एक पान आम्ही आज उघडणार आहोत. ऑक्टोबर १९०५ मधील एका संध्याकाळी हा बावीस वर्षांचा तरुण आपल्या धाकट्या भावाबरोबर पूर्व लंडनमधील स्टेपनी नावाच्या दरिद्री वस्तीत गेला. तेथे त्याच्या जुन्या शाळेने गरीब मुलांसाठी एक क्लब चालविला होता, तो पाहावा एवढाच हेतू होता.

शाळेचे नाव हेलीबरी. हे नाव आपल्या इतिहासात पूर्वीच येऊन गेलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी जेथे तयार होत, ते कॉलेज याच जागी होते. १८५८ साली ते बंद झाले आणि पुढे त्याच इमारतींत ही शाळा निघाली. आमच्या आजे-पणज्यांवर अंमल गाजविण्यास साहेब जेथून निघाले, तेथूनच स्टेपनीच्या पोरांना मुष्टियुद्ध शिकविण्यास मास्तरही निघाले, ही गंमत आम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

धनिकांच्या मुलांनी गरिबांत जाऊन राहावे ही कल्पना त्या वेळी लंडनात नवी नव्हती. व्हाइटचॅपलचे धर्मोपदेशक सॅम्युअल बार्नेट व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ साली टॉयन्बी हॉल उघडला होता. विद्यापीठातील तरुणांनी तेथे बिऱ्हाड करावे, दिवसा आपला उद्योग करावा आणि संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडावे, अशी ती योजना होती. या प्रयत्नांत वडीलकीचा तोरा मुळीच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. ‘आम्ही देणारे, तुम्ही घेणारे’ हा भाव पुष्कळांच्या बोलण्यात असे, आणि वस्तीतील माणसांना तो चटकन कळे.

ॲटलींचे वडील लंडनचे प्रतिष्ठित सॉलिसिटर होते. घरी नोकरचाकर होते आणि मुलगा बॅरिस्टर होण्याच्या वाटेवर होता. स्वभाव कमालीचा लाजरा. क्लबात येणारी मुले साधारण चौदा ते अठरा वर्षांची असत. शाळा सुटलेली, दिवसभर गाड्यांवर पोऱ्या म्हणून नाही तर निरोप्या म्हणून राबलेली. या कामांत एक क्रूर खोच होती. मुलगा अठराचा झाला की त्याला मोठ्या माणसाची मजुरी द्यावी लागेल, म्हणून मालक त्याला काढून टाकी आणि त्याच्या जागी दुसरा चौदाचा ठेवी. ज्या वयात हाती हुन्नर यावयाचा, त्या वयात हाती काहीच उरत नसे.

ॲटली प्रथम आठवड्यातून एक संध्याकाळ जात, मग अधिक. क्लब लष्करी कवायतीच्या पथकाला जोडलेला असल्यामुळे त्यांना अधिकाऱ्याचा गणवेशही चढवावा लागला. १९०७ साली क्लबाचे व्यवस्थापकपद रिकामे झाले. ते त्यांनी पत्करले आणि बापाचे घर सोडून ते तेथेच राहावयास गेले. आमच्या मते खरी गोष्ट येथे सुरू होते. आम्हीही तरुणपणी चार मित्र मिळून एका वस्तीत मुलांना शिकवावयास जात होतो. पावसाळा लागला, परीक्षा आल्या आणि आम्ही गळालो. पुढे कैक दिवसांनी त्यांतील एक मुलगा बाजारात भेटला आणि त्याने विचारले, “दादा, तुम्ही परत येणार होता ना?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा ॲटली येत राहिले, हीच आम्हांला त्यांच्या कामातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

येत राहिल्यामुळे त्यांना जे दिसले, ते एका संध्याकाळच्या पाहुण्याला दिसले नसते. गरीब माणूस आळसाने गरीब राहतो, हा त्यांच्या वर्गाचा समज गळून पडला. पोरे एकमेकांसाठी किती झीज सोसतात, हे त्यांनी पाहिले. त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. रस्त्यात एका लहान मुलीने त्यांना कोठे चाललात म्हणून विचारले. चहाफराळासाठी घरी, असे ते म्हणाले. ती म्हणाली, मीही घरीच चालले आहे, काही खायला आहे का ते पाहायला.

कवायत, खेळ आणि सहली यांनी हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांना उमगले. १९०८ साली ते स्वतंत्र मजूर पक्षात शिरले. पण म्हणून क्लब व्यर्थ ठरला काय? आम्हांला तसे वाटत नाही. क्लब नसता तर बॅरिस्टरसाहेब पुटनीच्या घरी बसून गरिबीवर मते बनवीत राहिले असते. १९२२ साली लग्न होईपर्यंत, महायुद्धाचा काळ सोडला तर बहुतेक वेळ, त्यांचे बिऱ्हाड पूर्व लंडनमध्येच होते. १९१९ साली ते स्टेपनीचे मेयर झाले आणि १९२२ साली शेजारच्या लाइमहाऊसने त्यांना पार्लमेंटात धाडले.

१९२८ साली सायमन कमिशनचे एक सभासद म्हणून ते मुंबईस उतरले, तेव्हा आपल्या लोकांनी त्यांचे स्वागत काळ्या निशाणांनी केले. ते योग्यच होते. स्टेपनी कळलेल्या माणसाला हिंदुस्थान कळावयास आणखी काही वर्षे लागली.

१९४५ साली ते पंतप्रधान झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या सरकारने शाळेतील सर्व मुलांना रोज पाव लिटरहून थोडे कमी दूध फुकट देण्यास आरंभ केला. स्टेपनीत असताना हेच गृहस्थ शाळेतील गरीब मुलांच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या समितीवर काम करीत असत.