अंधेरीचा कातळ आणि आपली वस्ती

अलिबाग तालुक्यातील आपल्या ज्ञातीची जी कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस गेली, त्यांपैकी काहींनी अंधेरीस बिऱ्हाडे केली आणि कालांतराने ती तेथीलच रहिवासी झाली. अंधेरी स्टेशनाच्या पश्चिमेस दाट इमारतींच्या मधून एक काळा, उभा कातळ वर आलेला दिसतो. गिल्बर्ट हिल या नावाने तो ओळखला जातो. रोज त्याच्या सावलीतून जाणाऱ्या आपल्या मुलाबाळांस त्याचा इतिहास ठाऊक असावा, या हेतूने आम्ही हा अल्प लेख सादर करीत आहो.

प्रथम या कातळाच्या जन्माविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतून तप्त शिलारसाचे लोट बाहेर पडले व थरावर थर साचून आपला सह्याद्री आणि आपले कोकण घडले. त्याच ज्वालामुखीच्या युगाची ही टेकडी साक्षीदार होय. तिची उंची सुमारे दोनशे फूट असून ती दगडाच्या उभ्या, पैलूदार खांबांची बनलेली आहे. हे खांब कोणी कोरलेले नाहीत. खारेपाटातील शेताचा चिखल उन्हाने वाळला म्हणजे आक्रसतो आणि त्यास जाळीसारख्या भेगा पडतात, हे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. तद्वत् शिलारस हळूहळू निवत असता आक्रसला, त्यास भेगा पडल्या, त्या खोलवर उतरत गेल्या आणि खांब तयार झाले. असे स्तंभ जगात मोजक्याच ठिकाणी पाहावयास मिळतात. अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवर व आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे ही त्यांपैकी ख्यातनाम स्थळे असून ती पाहण्यास दूरदेशीचे प्रवासी येतात. आपला स्तंभ मात्र लोकलच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही उपेक्षित आहे.

आता वस्तीचा इतिहास पाहू. अंधेरी हा मूळचा साष्टी बेटाचा भाग. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३९ पर्यंत साष्टी जिंकून घेतली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती गेली. वेसावे, आंबोली, मरोळ अशी गावे येथे नांदत होती. समुद्रकाठी कोळी बांधव, आत भातशेती करणारे हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे, असा हा जुना गावगाडा. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईस पहिली लोकल गाडी सुटली, तिच्या थांब्यांत अंधेरीचे नाव होते. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, १९४६ साली टेकडीनजीक भवन्स कॉलेज स्थापन झाले आणि १९५० साली अंधेरी बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. मग चाळी उठल्या, सहकारी गृहसंस्था आल्या, आणि २०१४ साली मेट्रोही आली. शेतांच्या गावाचे असे नगर झाले.

नगर बांधावयाचे म्हणजे दगड हवा, खडी हवी. ती जवळच्या डोंगरातून काढण्यात आली. आज जो एकाकी स्तंभ दिसतो तो पूर्वी एकाकी नव्हता. जोगेश्वरीच्या बाजूस पसरलेल्या मोठ्या डोंगररांगेचा तो एक अंश होता. सुरुंग लागत गेले, रांग झिजत गेली आणि शेवटी एवढाच भाग उरला. ज्या डोंगराने उपनगरास पाया दिला त्यालाच उपनगराने गिळले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. टेकडीच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे व कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांनी तेथे जावे लागते. देवीचे ठाणे माथ्यावर असल्यानेच सुरुंग लावणाऱ्यांचे हात काही अंशी आखडले असावेत, असे आम्हांस वाटते. १९५२ साली शासनाने टेकडीस संरक्षण दिले. परंतु तेवढ्याने भोवतालची तोड थांबली नाही. भूशास्त्राच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर २००७ साली महानगरपालिकेने तिचा वारसा वास्तूंच्या द्वितीय श्रेणीत समावेश केला. तोपर्यंत इमारती व झोपड्या अगदी पायथ्यास येऊन भिडल्या होत्या.

हा केवळ अंधेरीचाच प्रश्न आहे काय? आमच्या मते, नव्हे. अलिबागचा काळा दगड त्याच कुळातला आहे. कुलाबा किल्ल्याचे तट याच दगडाचे मोठमोठे चिरे चुन्यावाचून रचून उभे केलेले आहेत. या दगडात लोहाचा अंश असतो व तो चुंबकसूचीस ओढतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस आणली गेली, तेव्हा तिच्या बांधकामासाठी पोरबंदरचा दगड मुद्दाम आणावा लागला तो याच कारणाने. ज्या कनकेश्वराच्या पायऱ्या आपले वाडवडील श्रद्धेने चढत आले, त्या डोंगराची जातकुळीही हीच.

अंधेरीचे जे झाले ते पन्नास-साठ वर्षांत झाले. आज मांडव्यास रो-रो बोट लागते, जानेवारी २०२४ पासून शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आहे, आणि मुंबईकर धनिकांची नजर आपल्या वाड्यांवर व टेकड्यांच्या उतारांवर स्थिरावली आहे. जमिनीस भाव आला हे खरे. तो पैसा कित्येकांच्या घरी मुलींच्या शिक्षणास व वृद्धांच्या औषधपाण्यास उपयोगी पडला, हेही खरे. म्हणून जमीन विकणाऱ्यास दोष देण्याचा आमचा मानस नाही. परंतु विकलेली वाडी एखादे वेळी पुन्हा घेता येईल. फोडलेली टेकडी मात्र पुन्हा उभी राहात नाही. तिचे झरे आटतात, विहिरींचे पाणी खाली जाते, आणि पुढच्या पिढीस दाखवावयास काही उरत नाही.

यास्तव आमच्या दोन सूचना आहेत. अंधेरीतील ज्ञातिबांधवांनी वर्षातून एकदा तरी आपली मुले त्या कातळाच्या पायऱ्यांवर न्यावीत, देवीचे दर्शन घडवावे आणि खांबांकडे बोट दाखवून त्यांची उत्पत्ती सांगावी. अलिबागकरांनी आपल्या गावच्या टेकड्या, देवराया व झरे यांची यादी करून ती ग्रामसभेत नोंदवावी, म्हणजे उद्या कोणी यंत्र घेऊन आला तर त्यास विचारणारा कोणी तरी असेल. संरक्षणाचा कागद शासन देते. राखणदार गावानेच व्हावयाचे असते. अंधेरीस ही जाग उशिरा आली. अलिबागेस अजून अवकाश आहे, आणि त्याचा उपयोग ज्ञातीच्या तरुणांनी करावा, एवढीच आमची नम्र विनंती.