कागदी चकतीचं कूळ

महाळुंग्याहून मुळा ओलांडून पिंपरीला गेलं की हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना लागतो. १९५४ साली स्थापन झाला, पुढच्या वर्षी पेनिसिलिन काढू लागला. रुग्णाच्या जंतूंवर कोणतं औषध चालेल हे लॅबमध्ये ज्या कागदी चकतीवरून ठरतं, तिचं माहेर इस्पितळ नाही. तिचं माहेर असेच पेनिसिलिनचे कारखाने आहेत, असा माझा दावा आहे.

पुस्तकं मान देतात फ्लेमिंगला. १९२९च्या लेखात त्यानं आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, चर काढून पेनिसिलिन भरलं आणि त्याला आडव्या जंतूंच्या रेघा ओढल्या. मान्य. पण चकती त्या चरातून आलेली नाही. ऑक्सफर्डला हीटली या संशोधकानं आगरवर छोट्या उभ्या नळ्या ठेवल्या. जंतू ओळखीचा, औषधाची ताकद अज्ञात. भोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोठं, तर औषध जोरकस. १९४४ला व्हिन्सेंट जोडीनं नळ्यांच्या जागी गाळणकागदाच्या चकत्या आणल्या, त्याही पेनिसिलिन मोजायलाच! मग प्रश्न उलटला: औषध ठरलेलं, जंतू अनोळखी. तो उलटवला कुणी? माझा अंदाज, दोन्ही कामं ज्यांच्या एकाच टेबलावर येत त्यांनी. १९६६ला बाऊअर-कर्बींनी मापं बांधून दिली.

पुढे बीचम कंपनीनं पेनिसिलिन मिसळलेल्या आगरमध्ये ते पचवणारा क्लेब्सिएला जंतू पेरला आणि त्यावर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचे अर्क तपासले. ज्या अर्काभोवती क्लेब्सिएला वाढेना, त्यात त्याचं एन्झाइम अडवणारं काहीतरी होतं. त्यातून १९७६ला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जाहीर झालं. म्हणजे इथेही कारखान्याचीच बशी. १९८८ला फ्रान्समध्ये ते आम्ल असलेली चकती सेफोटॅक्झिम या औषधाच्या चकतीशेजारी ठेवली, तर मधली स्वच्छ जागा कुलुपाच्या भोकासारखी ताणली गेली.

२०१०ला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयानं कार्बापेनेम औषधांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या २२ जंतूंत एनडीएम-१ हे औषध फोडणारं एन्झाइम निघालं. ते जस्तावर चालतं, त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्याच्यापुढे हतबल. कार्बापेनेमच्या चकतीवर ईडीटीए हे रसायन टाकलं की ते जस्त ओढून घेतं आणि वर्तुळ रुंदावतं. पण रुग्णाला तो उपाय नाही, रक्तातलं कॅल्शियमही त्यात बांधलं जातं. अॅझट्रिओनाम हे औषध मात्र एनडीएमला फोडता येत नाही. ते फोडतात त्याच जंतूची दुसरी एन्झाइमं, आणि त्यांना अॅव्हिबॅक्टम अडवतं. म्हणून आता लॅबमध्ये सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टमची चकती अॅझट्रिओनामच्या चकतीशेजारी ठेवतात, आणि दोहोंमध्ये जंतू उगवला नाही, तर डॉक्टर दोन्ही औषधं एकत्र सुरू करतात.